जिवाणूजन्य न्यूमोनियाने झालेली फुप्फुसाची इजा आणि स्टेम सेल उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णाचे नातेवाईक अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेले असतात. अशा वेळी कोणीतरी त्यांच्या मोबाईलवर ‘स्टेम सेलने खराब झालेले फुप्फुस पुन्हा तयार होते’ असा मजकूर पाठवतो आणि डॉक्टर बाहेर आले की पहिला प्रश्न त्याविषयीच विचारला जातो. हा प्रश्न विचारणे अगदी रास्त आहे आणि त्याला प्रामाणिक, सविस्तर उत्तर मिळायला हवे, म्हणून ही पृष्ठे लिहिली आहेत. आपल्या रुग्णाविषयीचा निर्णय मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

प्रतिजैविके दिली, जंतू मेले, तरी फुप्फुसाची इजा का उरते?

आपल्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात. प्रत्येक वायुकोश म्हणजे हवेचा एक सूक्ष्म फुगा, आणि त्याच्या भिंतीला लागूनच केसाहूनही कितीतरी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बहुतेक ठिकाणी एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो, आणि तो इतका पातळ असतो म्हणूनच ऑक्सिजन क्षणार्धात रक्तात उतरतो. या पडद्याची हवेकडची बाजू दोन प्रकारच्या पेशींनी बनलेली असते. पहिल्या प्रकारच्या पेशी चपट्या, पसरट असतात आणि सुमारे ९५ टक्के पृष्ठभाग त्याच झाकतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी बसक्या, गोलसर असतात. वायुकोश मिटू नये म्हणून लागणारा सर्फॅक्टंट हा साबणासारखा पदार्थ त्या स्रवतात, आणि पहिल्या प्रकारच्या पेशी मेल्या तर विभाजन पावून त्यांची जागाही भरून काढतात.

न्यूमोकॉकस, क्लेब्सिएला, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू वायुकोशात वाढू लागले की या पडद्यावर दोन बाजूंनी घाव बसतो. एकीकडून जिवाणूंची विषे पेशींना भोके पाडतात, तर दुसरीकडून त्यांना मारण्यासाठी रक्तातून धावून आलेल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी अशी रसायने सोडतात, जी शत्रू आणि स्वकीय असा भेद फारसा करीत नाहीत. पडदा गळू लागतो, प्रथिनांनी भरलेले पाणी वायुकोशात साचते, सर्फॅक्टंट निकामी होतो आणि भिंती एकमेकींना चिकटू लागतात. प्रतिजैविके जंतूंना मारतात. फाटलेला पडदा सांधणे, साचलेले पाणी उपसणे आणि भडकलेला दाह शमवणे ही कामे त्यांची नव्हेत. बहुसंख्य रुग्णांत शरीर ही कामे स्वतःच करते. ज्यांच्यात ते जमत नाही, त्यांच्यासाठी स्टेम सेलचा विचार पुढे आला.

एआरडीएस हा शब्द सतत कानावर पडतो. तो काय आहे?

न्यूमोनियासारख्या आघातानंतर दोन्ही फुप्फुसांत पाणी भरून रक्तातला ऑक्सिजन झपाट्याने खालावणे या अवस्थेला एआरडीएस म्हणतात. १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली, तेव्हा ही अवस्था वेगळी म्हणून प्रथम ओळखली गेली. २०१२ मध्ये ठरलेल्या बर्लिन व्याख्येनुसार, धमनीतल्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब आणि रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण यांचे गुणोत्तर ३०० किंवा त्याहून कमी असेल तर सौम्य, २०० किंवा त्याहून कमी असेल तर मध्यम आणि १०० किंवा त्याहून कमी असेल तर तीव्र एआरडीएस समजला जातो. उदाहरणार्थ, रुग्णाला ६० टक्के ऑक्सिजन दिला जात आहे आणि धमनीतला दाब ९० आहे, तर ९० भागिले ०.६ म्हणजे १५०, अर्थात मध्यम एआरडीएस. निरोगी माणसात हा आकडा ४०० च्या वर असतो.

५० देशांतील अतिदक्षता विभागांच्या पाहणीत, जी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, एआरडीएसचे सर्वांत मोठे कारण न्यूमोनिया हेच आढळले. त्या पाहणीत सौम्य प्रकारातले सुमारे ३५ टक्के, मध्यम प्रकारातले ४० टक्के आणि तीव्र प्रकारातले ४६ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. नव्या उपचारासाठी एवढी धडपड का चालली आहे, ते या आकड्यांवरून लक्षात यावे.

या उपचारात कोणत्या स्टेम सेल वापरतात?

स्टेम सेल, म्हणजे मूलपेशी, हा एकच प्रकार नाही. रक्ताच्या कर्करोगात अस्थिमज्जा प्रत्यारोपण करतात तेव्हा रक्त तयार करणाऱ्या मूलपेशी दिल्या जातात, आणि तो उपचार अनेक दशकांपासून सिद्ध आहे. फुप्फुसाच्या इजेसाठी ज्यांचा अभ्यास चालू आहे त्या पेशी वेगळ्या आहेत. त्यांना मेझेंकायमल पेशी म्हणतात. त्या अस्थिमज्जेतून, चरबीतून किंवा बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून मिळवता येतात; त्यासाठी गर्भाला हात लावावा लागत नाही.

अस्थिमज्जेतल्या या पेशींचे वर्णन १९६० आणि १९७० च्या दशकांत सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी केले. ‘मेझेंकायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनी रूढ केले, आणि पुढे २०१७ मध्ये त्यांनीच हे नाव बदलावे असा आग्रह धरला. या पेशी शरीरात नवे अवयव घडवतात असा समज त्या नावामुळे पसरला आणि त्याच्या आधारे रुग्णांची दिशाभूल होऊ लागली, ही त्यांची तक्रार होती. ज्याने नाव दिले त्यानेच ते मागे घ्यावे म्हणणे ही विज्ञानात क्वचित घडणारी गोष्ट आहे, आणि ‘स्टेम सेल’ हा शब्द ऐकताच भारावून जाणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात ठेवावी असे मला मनापासून वाटते.

मग या पेशी नवे फुप्फुस तयार करतात की नाही?

नाही. शिरेतून दिलेल्या या पेशींचा व्यास साधारण १५ ते ३० मायक्रॉन असतो, तर फुप्फुसातल्या केशवाहिन्यांची रुंदी ५ ते १० मायक्रॉन. त्यामुळे बहुतेक पेशी काही मिनिटांतच फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात. त्यांतल्या बऱ्याचशा एकदोन दिवसांत नाहीशा होतात, आणि वायुकोशाच्या भिंतीचा भाग बनून राहणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच. फुप्फुसाची डागडुजी होते ती रुग्णाच्या स्वतःच्याच दुसऱ्या प्रकारच्या वायुकोश-पेशींकडून. बाहेरून दिलेल्या पेशी, उपयोग झालाच तर, त्या डागडुजीला अनुकूल परिस्थिती निर्माण करून देतात.

इतक्या कमी वेळात त्या काय साधतात?

हा या विषयातला सर्वांत विलक्षण भाग आहे. या पेशी आजूबाजूच्या परिस्थितीचा जणू अंदाज घेतात आणि त्यानुसार स्राव सोडतात. दाहाची रसायने जाणवली की त्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ आणि टीएसजी-६ यांसारखे पदार्थ सोडतात, आणि त्यांमुळे फुप्फुसातील मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, भडका वाढवणे सोडून साफसफाईकडे वळतात. अँजिओपोएटिन-१ या प्रथिनामुळे रक्तवाहिन्यांच्या पेशींमधील सांधे घट्ट होतात आणि गळती कमी होते. केजीएफ या वाढघटकामुळे वायुकोशातील मीठ आणि त्यामागोमाग पाणी बाहेर खेचून नेणारे पेशींचे पंप पुन्हा कामाला लागतात.

याखेरीज या पेशी स्वतःची मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रे, दुखावलेल्या वायुकोश-पेशींना देऊ शकतात. उंदरांवरील प्रयोगांत हे २०१२ मध्ये दाखवले गेले. पेशी वायुकोशाच्या भिंतीला चिकटते, दोन पेशींमध्ये सूक्ष्म जोडमार्ग तयार होतो, मायटोकाँड्रिया एकीकडून दुसरीकडे जातात आणि ऊर्जेअभावी थकलेली पेशी पुन्हा सर्फॅक्टंट स्रवू लागते.

प्रत्यक्ष मानवी फुप्फुसावरचा एक प्रयोगही येथे सांगायला हवा. प्रत्यारोपणासाठी नाकारलेली मानवी फुप्फुसे शरीराबाहेर यंत्रावर जिवंत ठेवून, त्यांत ई. कोलाय जिवाणू सोडून, सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी त्यांना मेझेंकायमल पेशी दिल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात वायुकोशातले पाणी उपसले जाण्याचा मंदावलेला वेग पूर्ववत झाला आणि जिवाणूंची संख्याही घटली. उंदरापलीकडे, माणसाच्या फुप्फुसातही हे घडू शकते, हे त्यातून दिसले.

अंगात जिवाणू असताना दाह शमवणाऱ्या पेशी दिल्या, तर संसर्ग उलट वाढणार नाही का?

माझ्या मते या विषयावर विचारला जाणारा हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, कारण दाह हा शरीराच्या बचावाचाच भाग असतो आणि बचाव सरसकट दाबून टाकला तर जंतूंचे फावते. सुरुवातीला संशोधकांनाही हीच धास्ती होती.

प्रयोगांत मात्र वेगळे चित्र दिसले. जिवाणूंशी संपर्क आल्यावर मानवी मेझेंकायमल पेशी एलएल-३७ हे जंतुनाशक पेप्टाइड स्रवतात आणि त्यामुळे ई. कोलायची वाढ रोखली जाते, हे २०१० मध्ये दाखवले गेले. पुढे लिपोकॅलिन-२ आणि बीटा-डिफेन्सिन-२ या जंतुरोधक प्रथिनांचीही भर पडली. लिपोकॅलिन-२ चे काम समजण्यासारखे आहे: जिवाणूंना वाढीसाठी लोह लागते, ते मिळवण्यासाठी ते जी रसायने बाहेर सोडतात त्यांनाच हे प्रथिन पकडून ठेवते, म्हणजे जिवाणूंची रसदच तोडते. शिवाय भक्षक पेशींची जिवाणू गिळण्याची क्षमताही वाढते. दाह कमी आणि जंतूंशी लढा जास्त, असा दुहेरी परिणाम स्टिरॉइडसारख्या औषधांत सहसा दिसत नाही. या पेशींकडे संशोधक वळले त्यामागे हे मोठे कारण आहे.

तरीही या पेशी प्रतिजैविकांची जागा घेत नाहीत. आजवरच्या चाचण्यांत त्या योग्य प्रतिजैविकांच्या जोडीनेच दिल्या गेल्या आहेत, आणि न्यूमोनियात प्रतिजैविक सुरू करण्यास उशीर होऊ देणे हे कोणत्याही नव्या उपचाराच्या आशेने समर्थनीय ठरत नाही.

मग पेशींऐवजी त्यांतले उपयोगी प्रथिनच इंजेक्शनने का देत नाहीत?

तसे करून पाहिले गेले आहे. केजीएफ हा वाढघटक औषधाच्या रूपात उपलब्ध आहे, म्हणून एआरडीएसच्या ६० रुग्णांवर त्याची चाचणी घेण्यात आली. २०१७ मध्ये तिचे निष्कर्ष आले ते निराशाजनक होते: ऑक्सिजनच्या स्थितीत सुधारणा झाली नाही, उलट औषध मिळालेल्या रुग्णांना व्हेंटिलेटरशिवायचे दिवस कमी मिळाले. प्रयोगशाळेत फुप्फुस सावरणारे प्रथिन रुग्णाच्या शरीरात एकट्याने तेच करील असे गृहीत धरता येत नाही, हे या चाचणीने दाखवून दिले.

माणसांवरच्या चाचण्यांत काय दिसले?

थोडक्यात सांगायचे तर, पेशी देणे बऱ्यापैकी सुरक्षित आहे असे दिसले. त्यांनी जीव वाचतात हे अद्याप सिद्ध झालेले नाही. तपशील असा.

चीनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत १२ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्या रुग्णांना चरबीतून मिळवलेल्या पेशी दिल्या गेल्या, आणि त्यांमुळे गंभीर अपाय झाला नाही. अमेरिकेतील ‘स्टार्ट’ चाचणीच्या पहिल्या टप्प्यात, २०१५ मध्ये, ९ रुग्णांना वजनाच्या दर किलोमागे १० लाख, ५० लाख आणि १ कोटी अशा चढत्या मात्रांत अस्थिमज्जेतल्या पेशी दिल्या गेल्या आणि सर्वांत मोठी मात्राही सोसवली. दुसऱ्या टप्प्यात ६० रुग्ण घेतले गेले, त्यांतल्या ४० जणांना पेशी आणि २० जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला, तसाच दिसणारा द्रव. २०१९ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा २८ दिवसांत पेशी मिळालेल्यांपैकी १२ जण, म्हणजे ३० टक्के, आणि प्लासिबो मिळालेल्यांपैकी ३ जण, म्हणजे १५ टक्के, दगावलेले होते. हा आकडा वाचून कोणाच्याही काळजात धस्स होईल. परंतु चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करूनही पेशींच्या गटात आधीपासूनच अधिक गंभीर रुग्ण गेले होते, आणि तो फरक लक्षात घेऊन गणित केले असता मृत्यूच्या प्रमाणात फरक उरला नाही. त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघड झाली: गोठवलेल्या पेशी वितळवून रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांतल्या जिवंत पेशींचे प्रमाण काही रुग्णांत ८५ टक्के, तर काहींत अवघे ३६ टक्के होते. म्हणजे कागदावर सर्वांना एकच मात्रा मिळाली होती, प्रत्यक्षात मात्र तसे नव्हते.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळची चाचणी म्हणजे युरोपातली ‘सेपसेल’. तीत फक्त रुग्णालयाबाहेर जडलेल्या गंभीर जिवाणूजन्य न्यूमोनियाचे रुग्ण होते, आणि त्यांना पहिल्या व तिसऱ्या दिवशी चरबीतून मिळवलेल्या १६ कोटी पेशी दिल्या जात होत्या. १८० रुग्णांचे उद्दिष्ट होते. रुग्ण मिळण्याचा वेग इतका कमी राहिला की ८४ रुग्णांवरच ती थांबवावी लागली. पेशी सोसवल्या, पण ठळक लाभ दिसला नाही. जपानमध्ये न्यूमोनियाजन्य एआरडीएसच्या ३० रुग्णांवर अस्थिमज्जेतल्या दुसऱ्या एका जातीच्या पेशी वापरून चाचणी झाली. तिचे निष्कर्ष आशादायक वाटतात, परंतु कोणाला पेशी मिळाल्या हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते आणि रुग्णसंख्याही लहान होती, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवता येत नाही.

कोविडच्या साथीत असे प्रयत्न वाढले. त्यांतल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत २२२ रुग्णांनंतर काम थांबवले गेले, कारण पुढे जाऊनही फरक दिसण्याची शक्यता उरली नव्हती: ३० दिवसांतले मृत्यू पेशींच्या गटात ३७.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ४२.७ टक्के होते, आणि एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. कोविड हा विषाणूचा आजार असल्यामुळे हे निष्कर्ष जिवाणूजन्य न्यूमोनियाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण दुर्लक्षितही करता येत नाहीत.

उंदरांत यश आणि माणसांत नाही, असे का होते?

प्रयोगातला उंदीर तरुण आणि धडधाकट असतो, त्याला संसर्ग कधी झाला हे तासामिनिटांनिशी ठाऊक असते आणि पेशी काही तासांतच दिल्या जातात. याउलट अतिदक्षता विभागातला रुग्ण बहुधा वयस्क असतो, त्याला मधुमेह किंवा हृदयविकाराची जोड असते आणि आजार सुरू होऊन अनेक दिवस लोटलेले असतात. एआरडीएस हाही एकजिनसी आजार नाही. काही रुग्णांत दाहाची पातळी फार चढलेली असते, काहींत ती माफक असते, आणि पेशींचा उपयोग कोणाला होईल हे ओळखण्याची खात्रीची तपासणी नेहमीच्या वापरात आलेली नाही. दात्यागणिक पेशींचे गुणही बदलतात.

संख्येचा प्रश्नही तेवढाच महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण खरोखरच ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येते. हा फरक योगायोगाचा नाही हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी दाखवायचे, तर दोन्ही गटांत मिळून सुमारे ७०० रुग्ण लागतात. ३० किंवा ६० रुग्णांच्या चाचणीतून ‘लाभ नाही’ हेही सिद्ध होत नाही आणि ‘लाभ आहे’ हेही नाही. म्हणून लहान चाचणीच्या निकालावर जाहिरात करणारा माणूस दिसला, की त्याला प्रथम रुग्णसंख्या विचारावी.

पेशी रुग्णाला कशा दिल्या जातात?

शस्त्रक्रिया लागत नाही. दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, जंतूंची आणि गुणसूत्रांतील दोषांची तपासणी करून, उणे १५० अंश सेल्सिअसच्याही खाली द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत साठवलेल्या असतात. गरज पडली की लहानशी सपाट पिशवी बाहेर काढून ३७ अंशांच्या पाण्यात धरतात. आतला गोठलेला पांढुरका भाग कडेपासून सुटत जातो, आणि बर्फाचा शेवटचा खडा विरघळत असतानाच पिशवी बाहेर काढली जाते, कारण गोठवताना वापरलेले डीएमएसओ हे रसायन उबदार द्रवात पेशींना अपाय करू लागते. काही ठिकाणी ते धुऊन काढतात. काढले नाही तर रुग्णाच्या श्वासाला दिवसभर लसणासारखा वास येतो. नातेवाइकांनी त्याने घाबरून जाऊ नये. त्यानंतर पेशी मोठ्या शिरेतून सलाईनसारख्या सावकाश सोडल्या जातात. किलोमागे १ कोटी ही मात्रा धरली तर ६० किलो वजनाच्या रुग्णाला ६० कोटी पेशी मिळतात.

रक्तगट किंवा ऊतीप्रकार जुळवावा लागतो का?

सहसा नाही. या पेशींवर परकेपणाची ओळख पटवणारी काही प्रथिने अगदी कमी असतात, त्यामुळे अनोळखी दात्याच्या पेशीही चालतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवायला काही आठवडे लागतात आणि गंभीर न्यूमोनियात तेवढा अवधी नसतो.

दुष्परिणाम कोणते?

विविध आजारांतल्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या असता, पेशी दिल्यानंतर थोड्या वेळापुरता येणारा ताप एवढाच परिणाम सातत्याने आढळला आहे. रक्ताची गुठळी होण्याचा धोका सिद्धान्ततः आहे, कारण या पेशींच्या पृष्ठभागावर रक्त गोठवणारा एक घटक असतो आणि चरबीतून मिळवलेल्या पेशींवर तो अधिक असतो. म्हणून पेशी सोडताना रक्तदाब, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके यांवर सतत लक्ष ठेवले जाते. येथे ‘सुरक्षित’ हा शब्द काटेकोर प्रयोगशाळेत तयार झालेल्या पेशींनाच लागू आहे, हे मात्र विसरू नये.

आमचे वडील व्हेंटिलेटरवर आहेत. एका केंद्राने पैसे घेऊन स्टेम सेल देण्याची तयारी दाखवली आहे. काय करावे?

आपली तळमळ समजते. आपल्या माणसासाठी काहीही राहून जाऊ नये असे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही आमचे स्पष्ट मत असे आहे की नोंदणीकृत चाचणीबाहेर, पैसे मोजून हा उपचार घेऊ नये. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, मेझेंकायमल पेशींच्या पहिल्या उपचाराला डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली, ती अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर मुलांमध्ये उद्भवणाऱ्या एका गुंतागुंतीसाठी, न्यूमोनियासाठी नव्हे. केंद्राने ‘मान्यताप्राप्त’ असा शब्द वापरला तर कोणत्या आजारासाठी, हे लेखी मागावे.

धोका फक्त पैशांचा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत नाळेच्या रक्तापासून बनवलेली, मान्यता नसलेली उत्पादने टोचून घेतलेल्या १२ जणांना जिवाणूंचा संसर्ग होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, असे तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने नोंदवले. ज्याचे फुप्फुस आधीच जिवाणूंशी झुंजत आहे, त्याच्या शिरेत दूषित द्रव जाणे म्हणजे काय, याचा विचार करावा. शिवाय व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला दुसरीकडे हलवण्यात स्वतंत्र जोखीम असते.

मग आज त्यांच्यासाठी काय केले जाऊ शकते?

पुष्कळ काही, आणि ते सिद्ध झालेले आहे. वेळेवर आणि योग्य प्रतिजैविक हे पहिले. दुसरे, व्हेंटिलेटरने लहान श्वास देणे: २००० सालच्या चाचणीत, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोला १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्याने मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. तिसरे, तीव्र एआरडीएसमध्ये रुग्णाला दिवसातून किमान १६ तास पालथे झोपवणे: २०१३ च्या फ्रेंच संशोधकांच्या चाचणीत २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. चारपाच जणांनी नळ्या सांभाळत एका माणसाला अलगद पालथे करणे, यात कोणतेही झगझगीत तंत्रज्ञान नाही, पण इतका मोठा लाभ स्टेम सेलच्या एकाही मोठ्या चाचणीत दिसलेला नाही. रुग्णालयाबाहेर जडलेल्या तीव्र न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिल्याने मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आल्याचे २०२३ मध्ये दिसले. ते कोणाला द्यावे आणि कोणाला नाही, हे डॉक्टर ठरवतात. या गोष्टी आपल्या रुग्णासाठी केल्या जात आहेत का, हे शांतपणे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

चाचणीत भाग घ्यायचा असेल तर काय पाहावे?

चाचणी सार्वजनिक नोंदवहीत नोंदलेली आहे का, नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, आणि अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे पाहावे. पेशींसाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील तर सावध व्हावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर संमती जवळच्या नातेवाइकाकडून घेतली जाते. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला स्वतः विचारले जाते आणि तो केव्हाही नकार देऊ शकतो. प्लासिबोच्या गटात गेल्यास फसवणूक झाली असे समजू नये, कारण नेहमीचे सर्व उपचार त्या गटालाही मिळतात.

पेशींऐवजी त्यांच्या पुटिका वापरण्याविषयी ऐकले. ते काय आहे?

मेझेंकायमल पेशी अतिसूक्ष्म पुटिका, म्हणजे पातळ आवरणाच्या बारीक पिशव्या, सोडतात आणि त्यांत प्रथिने व आरएनए भरलेले असतात. प्राण्यांच्या न्यूमोनियात या पुटिकांनीही पेशींसारखाच परिणाम साधला आहे. त्या केशवाहिन्यांत अडकत नाहीत आणि साठवायलाही सोप्या जातात. मात्र प्रत्येक खेपेला त्यांची ताकद सारखी आहे हे मोजायचे कसे, हा पेच मोठा आहे. ‘एक्सोसोम’ या नावाने बाजारात मिळणाऱ्या उत्पादनांना वरच्या उत्तरातली सावधगिरी जशीच्या तशी लागू आहे.

न्यूमोनिया होऊन काही महिने झाले, अजून दम लागतो. आता स्टेम सेल घेतल्या तर फुप्फुसातला व्रण जाईल का?

जुना व्रण या पेशींनी नाहीसा होतो असे माणसांत दाखवले गेलेले नाही. वर सांगितलेला सगळा अभ्यास तीव्र इजेच्या पहिल्या काही दिवसांविषयी आहे. त्याआधी व्रण खरोखर आहे का, हे तपासणे महत्त्वाचे ठरते. क्ष-किरण चित्र स्वच्छ व्हायला अनेक रुग्णांत सहा आठवडे लागतात, वयस्क माणसांत त्याहून अधिक, त्यामुळे घाईने काढलेल्या चित्रावरून निष्कर्ष काढू नये.

एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ रुग्णांचा कॅनडात पाच वर्षे पाठपुरावा झाला. पाच वर्षांनी त्यांच्या फुप्फुसाची क्षमता जवळजवळ सामान्य झाली होती, तरी सहा मिनिटांत चालून जाण्याचे अंतर अपेक्षेच्या ७६ टक्केच होते. म्हणजे दम लागण्याचे कारण पुष्कळदा फुप्फुसात नसून अंथरुणावर पडून झिजलेल्या स्नायूंत असते. त्यासाठी फुप्फुस पुनर्वसन कार्यक्रम असतो: फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावून चालणे, मांड्यांचे व दंडांचे व्यायाम, आणि पुरेशी प्रथिने. पहिल्या दिवशी खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येणे एवढेही पुरते. पुढच्या आठवड्यात तेच अंतर दोनदा चालावे, आणि चालताना ऑक्सिजन किती उतरतो याची वही ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी.